पौषात अजगराची कात अडकते : हीटर, ओल आणि कौलांची खोली

दर वर्षीचं रडगाणं एकच. आंब्याला मोहोर फुटतो, सकाळी आगरात शिरलं की दवाने लेंगा गुडघ्यापर्यंत भिजतो, थंडी पडली म्हणून बागायतदार खूश असतात, आणि आमच्या मागच्या खोलीत पाळलेल्या बॉल पायथनची (हा परदेशी अजगर) कात तुकड्यातुकड्यांनी निघायला लागते. शेपटीच्या टोकाला रिंगणं राहतात, डोळ्यावरची काच (डोळा झाकणारं पारदर्शक खवलं) एका बाजूने चिकटून बसते. हीटर लावला की ह्युमिडिटी पडते. ती चढवायला पाणी मारलं की गारठा येतो. गारठा आला म्हणून हीटर वाढवला की पुन्हा ओल जाते. तीन हिवाळे मी हेच करत बसलो होतो. चौथ्या हिवाळ्यात दुखणं सापडलं, आणि ते हीटरमध्ये नव्हतं, माझ्या डोक्यावर होतं.

घर दापोलीहून आसूदच्या बागांकडे उतरताना आहे. भिंती चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं. ही खोली पूर्वी नारळ, सोडणं (नारळाच्या वरच्या साली) आणि शिड्या ठेवायची. लांबी-रुंदी १० बाय १२ फूट आणि उंची सरासरी ९ फूट, म्हणजे साधारण ३० घनमीटर हवा. आत दोन बॉल पायथन आणि पुतण्याने पुण्याहून आणलेला एक बिअर्डेड ड्रॅगन (कोरड्या मुलखातला सरडा). म्हणजे एकाला ओल हवी आणि दुसऱ्याला ओल नको, त्यावर पुढे येतो.

आधी कायद्याचं उरकतो, कारण कोकणात साप पाळतो म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. (दुसरा प्रश्न शेजारच्या काकूंचा: “अरे, हे फुरसं तर नव्हे ना?”) आपल्याकडचा अजगर, नाग, घोरपड, तारांकित कासव, मांडूळ यांतलं काहीही घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आवारात सापडलं तर वनविभागाला १९२६ वर फोन करायचा. बॉल पायथन आफ्रिकेतला, पण तोही साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती नसेल तर ह्युमिडिटीची काळजी नंतर करा.

आता मूळ मुद्दा. “हीटर हवा कोरडी करतो” हे आपण सगळेच म्हणतो, पण हीटर पाणी पीत नाही. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, एवढंच. १४ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १२ ग्रॅम वाफ मावते, २८ अंशांना २७ ग्रॅम. जानेवारीत पहाटे पाचला आमच्याकडे बाहेर १४ अंश आणि ८५ टक्के ह्युमिडिटी असते, म्हणजे हवेत सुमारे १० ग्रॅम पाणी. तीच हवा खोलीत येऊन २८ अंशांना तापली की पाणी तेवढंच राहतं, पण ह्युमिडिटी मीटरचा काटा ३८ टक्क्यांवर येतो. बाहेर पागोळ्यांसारखं दव टपटपतंय आणि आत सापाचं नाक कोरडं, हे कोडं एवढंच आहे. दुपारी बाहेर ३० अंश आणि ३५ टक्के असतात. हिशेब केलात तर तेव्हाही हवेत साधारण तितकंच पाणी निघेल. कोकणातली हवा दमट म्हणून निर्धास्त राहू नका, हिवाळ्यात ती दमट दिसते ती गार असते म्हणून.

मग पाणी किती घालायचं? २८ अंशांना ६० टक्के हवे असतील तर दर घनमीटरला ६ ग्रॅम जास्त, आणि ३० घनमीटरला १८० ग्रॅम. एक पेला पाणी! हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मला हसूच आलं. मी खोलीत दोन पातेली, एक घमेलं आणि ओली गोणपाटं टांगून बसलो होतो, आणि काटा चाळिशीच्या वर जात नव्हता. एक पेला पुरत असेल तर घमेलंभर पाणी जात कुठे होतं?

वर. कौलांच्या फटींतून.

हे तपासायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी हीटर चालू असताना प्राणी त्यांच्या टब-पेट्यांसकट दुसऱ्या खोलीत हलवा (सापांच्या फुप्फुसांना धूर चालत नाही), पंखा बंद करा आणि उदबत्ती घेऊन फिरा. दाराच्या उंबऱ्याशी माझी उदबत्ती आतल्या बाजूला झुकली. खिडकीच्या तळाशीही तसंच. मग शिडी लावून वाशांपर्यंत गेलो तर धूर सरळ रेघेसारखा कोन्यांच्या (आढ्यावरच्या कौलांच्या) खालून बाहेर. गरम हवा वर जाते, फटींतून सुटते, आणि तिच्या जागी दाराखालून गार हवा ओढली जाते. खोली म्हणजे धुराडंच. हवा तासाला एकदा बदलली तर दिवसाला सव्वाचार लिटर पाणी लागेल. माझ्या खोलीत ती तासाला पाचेक वेळा तरी बदलत असावी, म्हणजे दिवसाला वीस लिटरच्या वर. पातेल्यातून दिवसाला पाव लिटरही उतरत नव्हतं. हीटर जितका मोठा करावा तितका हा उपसा जोरात, कारण आत-बाहेरच्या तापमानातला फरकच तो ओढतो. मी १००० वॅटचा काढून २००० चा आणला होता आणि कात आणखी वाईट अडकली होती, ते का हे तेव्हा कळलं.

म्हणून पाणी वाढवण्याआधी वरची बाजू बंद करा. आम्ही वाशांच्या खालच्या अंगाला जाड ताडपत्री ताणून खिळवली, कडेला भिंतीपर्यंत नेऊन लाकडी पट्टीने दाबली, आणि पट्टी व भिंतीच्या मधली फट सिलिकॉनने भरली. पीव्हीसीचं सीलिंग दिसायला चांगलं, पण सांधे बंद केले नाहीत तर उपयोग शून्य. थर्माकोल एकटा लावू नका, आमच्याकडे उंदरांनी त्याचं आठवड्यात पीठ केलं. दाराच्या तळाला रबरी पट्टी, खिडकीला आतून ॲक्रिलिकचा तुकडा. सगळंच हवाबंद करायचं नाही, प्राण्यांना श्वास घ्यायचाय. दार दिवसातून दोन-चारदा उघडतं, तेवढ्याने आमचं भागतं. वर भोक आणि खाली भोक अशी जोडी मात्र राहता कामा नये. ताडपत्री लावली त्या रात्री, पाण्याचा एक थेंब न वाढवता, काटा ४० वरून ५१ वर गेला. हीटरही निम्मा वेळ बंद राहिला.

एक सूचना: ताडपत्रीच्या वरच्या बाजूला बल्ब, वायरचे सांधे वगैरे राहिले असतील तर आधी ते खाली घ्या. उंदीर आणि वायर यांचा कोकणी घरातला इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

आता काटा. आधी मिठाची परीक्षा घ्या, कारण गोल डायलचे स्वस्त मीटर मन मानेल ते दाखवतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा (पाणी वर तरंगता कामा नये), मीटरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. मीठ पाकिटातलं शुद्ध घ्या. मिठागरातलं खडं मीठ इथे चालत नाही. त्यात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, म्हणून तर ते पावसात बरणीत पाझरतं, आणि त्याने आकडा खाली येतो. माझा डायलवाला ८८ दाखवत होता. म्हणजे दोन वर्षं मी ५० ला ६३ समजून निवांत होतो! प्रोबवाले (वायरच्या टोकाला सेन्सर असलेले) साधे डिजिटल मीटर घ्या. एक टबच्या गार बाजूला, एक खोलीत कमरेच्या उंचीवर. गरम बाजूचा आकडा नेहमी कमीच येणार, तो पाहून घाबरू नका.

दुसरी चूक माझीच. मी अख्खी खोली ३० अंशांवर नेत होतो. सापाला ३० अंशांची खोली नको असते, त्याला जाऊन बसायला ३१-३२ अंशांची एक जागा आणि उठून जायला २५-२६ ची दुसरी जागा हवी असते. खोली २५ वर ठेवली तर तीच बाहेरची १० ग्रॅमवाली हवा ४५ टक्क्यांवर येते. ३० ला ती ३४ असते. पाच अंश सोडले की अकरा टक्के फुकट मिळतात. उरलेली उष्णता टबला द्या: खाली एक-तृतीयांश भागात हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), थर्मोस्टॅटसकट (ठरलेल्या अंशाला वीज तोडणारं यंत्र). थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावणारा माणूस पोट भाजलेला साप घेऊन डॉक्टरकडे जातोच. काचेच्या टाकीत वरून सिरॅमिक एमिटर (उजेड न देता तापणारा दिवा) असेल आणि झाकण जाळीचं असेल, तर तिथेही तेच धुराडं छोट्या रूपात चालू असतं. जाळीचा तीन-चतुर्थांश भाग ॲक्रिलिकने झाका, दिव्यापासून हातभर अंतर सोडून.

खोलीसाठी तेलाचा हीटर बरा. ब्लोअर हवा जास्त कोरडी करतो असं नाही, तापमान तेवढंच तर कोरडेपणाही तेवढाच. पण तो हवा ढवळतो, फटींतून ढकलतो आणि ओल्या पृष्ठभागावरून वारा घालतो. कोळशाची शेगडी किंवा गॅस बंद खोलीत कधीही नको. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची हे खरं, पण त्या खोलीला आता आपण ताडपत्री लावलीय हे विसरू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

ओल टबच्या तळातून द्यायची. हे मला किनाऱ्यावर सुचलं. आंजर्ल्याला आणि वर वेळासला ऑलिव्ह रिडलेची घरटी असतात. हात-दीड हात खोल वाळूत अंडी, वरची वाळू दुपारी पाय भाजेल इतकी तापलेली आणि भुसभुशीत कोरडी, आत मात्र मूठ वळेल अशी ओल. दीड-दोन महिने वर कोणी फवारा मारत नाही. टबातही तेच करायचं: वर कोरडं, खाली ओलं.

सोडणाचे तुकडे आमच्याकडे फुकट. पण ताजं सोडण तसंच घालू नका. ते तपकिरी पाणी सोडतं, आणि खाडीच्या पाण्यात कुजवलेलं असेल तर मीठही धरून असतं. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवा, पाणी तीनदा बदला, मग कडक उन्हात वाळवा. टबात तीन-चार बोटं जाड थर द्या आणि पाणी कोपऱ्यातून ओता, वरून शिंपडू नका. खालचा थर ओला होतो, मॅटची ऊब त्यातून हळूहळू वाफ वर काढते, आणि साप ज्यावर पडून असतो तो थर कोरडा राहतो. वरून फवारलं तर अर्धा तास आकडा ८० दिसतो, मग पुन्हा खाली. आणि पोटाखाली सतत ओल राहून खवल्यांना तांबूस डाग पडतात ते वेगळंच. ते डाग म्हणजे स्केल रॉटची, खवले कुजण्याच्या रोगाची, सुरुवात. मॅटवरचा थर मात्र पातळ ठेवा, नाहीतर थर्मोस्टॅटला वेगळं कळतं आणि सापाला वेगळं.

थंड धुकं सोडणाऱ्या ह्युमिडिफायरबद्दल विचारतात म्हणून सांगतो. मी घेतला होता. तो चालतो, पण पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता खोलीतूनच जाते, म्हणून हीटरचं काम वाढतं. आमच्या विहिरीच्या पाण्याने सगळ्या सामानावर पांढरी पूडही बसली. फटी बुजवल्यावर तो माळ्यावर गेला.

कात यायच्या वेळी डोळे दुधाळ होतात, रंग मळतो. तेव्हापासून गार बाजूला एक ओलं बिळ ठेवायचं: झाकणाला भोक पाडलेला डबा, आत पिळून काढलेलं सुती फडकं. टब ७० टक्क्यांपर्यंत जाऊ दे. तरीही कात अडकली तर कोमट, पिळलेल्या टॉवेलसोबत हवेच्या भोकांच्या डब्यात अर्धा तास ठेवा, साप स्वतःच घासून मोकळा होतो. डोळ्यावरची काच चिमट्याने ओढू नका. पुढच्या कातीला ती बहुतेक वेळा निघते. नाही निघाली तर पशुवैद्य. तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे, मान उंच धरून बसणं यांतलं काहीही दिसलं तर ह्युमिडिटीचे प्रयोग थांबवून त्याच दिवशी दाखवा. पशुवैद्य सरीसृप बघतो का हे आजच फोन करून विचारून ठेवा. गुरांचा डॉक्टर सगळीकडे मिळतो, सापाला हात लावणारा नाही.

बिअर्डेड ड्रॅगनचं काय? त्याला ३०-४० टक्के पुरतात, आणि बसायची जागा ४० अंशांच्या जवळ हवी. दोन खोल्या नसतील तर खोली दोघांना सोसेल अशी मधली ठेवायची आणि फरक पेट्यांच्या आत करायचा. जमिनीपाशी आणि ताडपत्रीखाली माझ्याकडे ४-५ अंशांचा फरक मोजला गेला. म्हणून ड्रॅगनची पेटी वर, जाळीच्या झाकणाची, कोरडी, पाण्याचं भांडं लहान. सापांचे टब खाली. आधी उलट होतं, कारण पुतण्याला ड्रॅगन बसल्या बसल्या दिसायला हवा होता.

पावसाळ्यात सगळं उलटतं. आमच्याकडे चार महिन्यांत ३,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, बाहेर २५ अंश आणि ९५ टक्के. तेव्हा सापांची कात कधीच अडकत नाही, पण सोडणाला बुरशी येते आणि पोटाखाली डाग पडतात. लोक घाबरून हीटर बंद करतात, कारण बाहेर गारठा नसतो. मला विचाराल तर नेमका तेव्हाच थोडा हीटर लावा. ९५ टक्क्यांची तीच हवा २८ अंशांना आणली की ८० वर येते, ३० ला ७२ वर. आई चुलीच्या वर काठी बांधून कपडे वाळवायची ती हेच करत होती. ड्रॅगनच्या बसण्याच्या जागी तर ४० अंशांना चाळीसच्या जवळपास आकडा येतो, भर आषाढात. सोडणाचा थर एक बोटावर आणा, पाणी ओतणं बंद, ओलं बिळ फक्त कातीच्या दिवसांत. प्लायच्या पेट्या फुगतात, त्या पहिल्या दोन वर्षांत मी दोनदा बदलल्या. आता सगळं प्लास्टिक.

खाऱ्या हवेचा त्रास कोणी सांगत नाही. तांबं हिरवं पडतं, प्लगच्या पिना कळंकतात, थर्मोस्टॅटमधला रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटतो. आणि रिले चिकटला की मॅट बंद व्हायचंच विसरते. माझा एक असाच चिकटला होता. नशीब, मी घरी होतो. आता एकामागे एक दोन थर्मोस्टॅट आहेत: पहिला ३२ वर, दुसरा ३५ वर, फक्त तोडण्यासाठी. वर्षातून दोनदा पिना घासतो. आर्थिंग नीट करा आणि गळती झाल्यास लाइन तोडणारा ब्रेकर बसवा, ओल्या खोलीत हात वायरीजवळ जातोच.

वीज गेली तर? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे तीन आठवडे वीज नव्हती, आणि सापांना काहीही झालं नाही, कारण जूनमध्ये खोली २५ च्या खाली जात नाही. जानेवारीतली रात्र वेगळी. साप कापडी पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात (रात्रीपुरता उंदरांना उपास), आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली बाजूला, अंगाला नव्हे. एक रात्र २१-२२ अंश निरोगी मोठा साप सोसतो. मात्र त्या आठवड्यात भक्ष्य देऊ नका. अंग गार असेल तर पचत नाही, उलटून पडतं.

ताडपत्री बारमाही तशीच ठेवू नका, खाली बुरशी धरते. आम्ही तिच्या दोन कोपऱ्यांना खिळ्यांऐवजी आकडे लावलेत. आगोटीची कामं निघाली, कौलं चाळायला माणसं आली, की ते दोन कोपरे सोडायचे आणि दाराखालची रबरी पट्टी काढायची. दिवाळीनंतर पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटली की पुन्हा लावायची. गेल्या वर्षी पट्टी लावायला आठ दिवस उशीर झाला आणि मोठ्या पायथनच्या शेपटीला दोन रिंगणं राहिलीच.